दोन बाय दोन

जब्बारभाईंनी भिंतीवर दोन चौकोन मारून ठेवलेत,
दोन फूट बाय दोन फूट,
मध्ये वीतभर पांढऱ्या प्रायमरची पट्टी.
डावीकडे दौतीतल्या शाईचा निळा.
उजवीकडे करडईच्या फुलाचा पिवळा,
फूल केशरी व्हायच्या आदल्या दिवशीचा.
कार्डावर दोघांनाही इंग्रजी नावं होती,
ती दुकानातच राहिली.

"दो कोट मारे बिगर रंग बोलत नई, ताई.
चार टायमाला बघा, मंग सांगा."
एवढं बोलून ते भाचीच्या लग्नाला जिंतूरला गेले,
बादल्या आमच्या न्हाणीत ठेवून.

निळा माझा.
सिव्हिलमध्ये, बाळंतिणींच्या वॉर्डात,
रात्रभर ट्यूबलाइटखाली उभी असते मी.
सकाळी साडेआठला कुलूप उघडते तेव्हा
परभणीचं ऊन आधीच पलंगावर पाय पसरून बसलेलं.
मला भरदिवसा रात्र हवी,
घट्ट झाकणाच्या डब्यासारखी.

पिवळा माणिकचा.
तो वसमत रोडच्या गोदामात तुरीची पोती मोजतो,
शेडला खिडकी नाही, नाकात भुस्सा.
"काहून गं, घरात पण अंधारच?"
यापुढे तो भांडत नाही.
भांडायला दोघांनी एका वेळी घरी असावं लागतं.
आमच्याकडे रोजची बावीस मिनिटं:
मी केसांतल्या पिना काढते,
तो डब्याला फडकं बांधतो.

तिसऱ्या दिवशी पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेलं:
सहा वाजता निळा बरा वाटला. दूध तापवलंय.
मी खाली लिहिलं:
दुपारी दोनला पिवळा बोचत नाही. नळ गळतोय.
मग रोजच.
निळ्यावर डास दिसत नाही.
पिवळ्यात तू काल आजारी दिसलीस.
कूलरचा पंप बिघडला, पाणी हातानं टाक.
साडेचारला पिवळ्यावर शेजारच्यांच्या निंबाची सावली येते,
तू बघितली नसशील.
बघितली. रविवारी. तू झोपली होतीस.

वॉर्डातलं त्याला कधी सांगितलं नाही.
तिथं कोपऱ्यात पेटीएवढा दिवा आहे,
काविळीची बाळं त्याखाली ठेवतो,
डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट.
पिवळी बाळं, निळा उजेड.
आया काचेला नाक लावून विचारतात,
उतरला का, सिस्टर, पिवळा?
उतरतो. तीन दिवसांत, चार दिवसांत.
तो निळा पातळ असतो, यंत्राचा. माझा हा नव्हे.
तरी परवा पहाटे एका पोराची कूस बदलताना
मला आमची भिंत आठवली
आणि हसू आलं, एकटीलाच.

अकराव्या दिवशी जब्बारभाई आले,
हाताला मेंदीचा डाग, कुण्या पोरीनं लावलेला.
"बोला, कोणता?"
पट्टीवर अंगठा फिरवून म्हणाले,
"हे घासावं लागतंय.
निळ्याखाली दबून जाईल.
पिवळ्याला पेन्सिल खालून वर येते,
किती बी कोट मारा."

"नका घासू," मी म्हटलं.
"मंग कोणता?"

माणिकला फोन लावला.
शेडात रेंज नसते.
जब्बारभाई पायरीवर बसून बिडी शोधत होते.
पट्टीवर आता बोटभरही जागा नव्हती,
म्हणून मी निळ्यावरच लिहिलं.

निळ्यावर पेन्सिल दिसत नाही,
खिडकीशी जाऊन
जरा तिरकं उभं राहिल्याशिवाय.